बाळासोची चिनी शिरेल

...म्हंजी एका माणसाला चार नावं. बरं, तो काय मंत्री-बिंत्री न्हवं, साधा माणूस, चहा पितोय, दाढी कुरवाळतोय, आणि नावं चार. जन्मल्यावर आई हाक मारती ते येगळं, शाळंत घातला की मास्तर ठेवतोय ते येगळं, मिसरूड फुटलं की दोस्तांनी म्हणायचं ते येगळं, आणि कविता-बिविता कराय लागला की स्वतःच स्वतःला ठेवायचं ते आणि येगळं. आता तुम्हीच सांगा पावणं, माणसाला नावं असावीत तरी किती? आमच्या मंगळवार पेठेत माणसाला एक नाव आणि एक शिवी, ह्या दोनावर अख्खा जन्म निघतोय.

थांबा, मी मधनंच सुरू केलं. तुमास्नी कसं कळायचं.

साल शहाऐंशी का सत्त्याऐंशी. तवा आमच्या पेठेत इकबालचं व्हिडिओ सेंटर हुतं. सेंटर म्हंजी काय, आधी तिथं चपलांच्या कातड्याचं गोडाऊन हुतं, ते धुऊन-पुसून खाली बसकर टाकली, एक रंगीत टीव्ही, टीव्हीखाली व्हीसीआर, दाराला काळा पडदा, झालं सेंटर. पावसाळ्यात अजून कातड्याचा वास यायचा. माझं सायकलचं दुकान त्याला लागून, मधली भिंत अशी पातळ की तिकडं फायटिंग सुरू झाली की इकडं माझा पंप थरथरायचा. इकबालचा मेव्हणा शमशुद्दीन जहाजावर खलाशी. त्याला इकबालनं सांगितलं हुतं, "हाँगकाँगला जातोस तर कराटेची कॅसेट आण." एक कॅसेट म्हणाला हुता. शमशुद्दीननं खोकं आणलं. बावीस कॅसेटी. वर सगळी चिनी अक्षरं, आणि चित्रात एक दाढीवाला म्हातारा, त्याच्या मागं भिंतीवर एक तलवार टांगल्याली. इकबालनं ती तलवार बगितली आणि फळा लिहिला, 'बावीस भागांची महाभयंकर चिनी फायटिंग'.

पहिल्या खेळाला तालमीतली पोरं झाडून आलती. कॅसेट सुरू झाली. पंधरा मिनिटं झाली, एक म्हातारी चहा पितीया. अजून पंधरा झाली, तीच म्हातारी, दुसरा चहा. मग एक बाई रडली, मग एका माणसानं खिडकीतनं झाडाकडं बगितलं, मग परत चहा. तलवार काय भिंतीवरनं खाली येईना. एक पैलवान उठून उभा राहिला, म्हणाला, "इकबाल, ती तलवार तू उतरीवतोस का आम्ही येऊन उतरवू?" इकबाल घामाघूम. बोलत्यात काय ते कळंना, खाली इंग्रजी-बिंग्रजी अक्षर न्हाय, नुसतं चिनी.

तवा दारात बसल्याला बाळासो उठला.

हा बाळासो चौगुले. वय साठीला आल्यालं, उंच, खांद्यावर टॉवेल, चालताना एका बाजूला जरा कलल्याला. इकबालकडं दारावर बसायचा. पण पहिल्या काळात हा माणूस तंबूच्या सिनेमात भोंग्यावर हुता. तंबू मलकापूरच्या बाजारात लागू दे न्हाय तर कुठल्या जत्रंत, दुपारपासनं बैलगाडीत भोंगा लावून हा आख्ख्या गावात फिरायचा आणि सिनेमा असा सांगायचा की निम्मी माणसं तिथंच रडून घ्यायची. तंबू बसला, भोंगा गेला, आवाज तेवढा राहिला. तो आवाज दहा-अकरा वर्सं कुणी ऐकला न्हवता. दारावर बसून 'चला, सरका, चपला बाहेर,' एवढंच.

तो टीव्हीच्या बाजूला जाऊन उभा राहिला, इकबालचा माईक घेतला, आणि म्हणाला, "मंडळी, ही म्हातारी चहा पीत न्हाय. ही थोरल्या सुनंनं केल्याल्या चहात खोट हुडकतीया. पहिल्या कपात गावली न्हाय, म्हणून दुसरा मागवलाय."

पैलवान खाली बसला.

झालं. बाळासो बोलत गेला आणि माणसं ऐकत गेली. तिसऱ्या कॅसेटला तालमीतली पोरं गळाली आणि बायका याय लागल्या. दुपारी दोनचा खेळ. भांडी घासून, पदर खोचून, गव्हाची चाळण मांडीवर घेऊन बायका हजर. इकबालची आई खैरुनबी पुढच्या रांगेत, तिच्याजवळ बायडाबाई, म्हंजी बाळासोच्या शेजारच्या घरातली. आणि बाळासोनं काय केलं, शिरेलीतल्या, म्हंजी त्या चिनी मालिकेतल्या, सगळ्यांस्नी नावं ठेवली. हीरो सयाजी. त्याचा दारूडा भाऊ ज्ञानू. नोकर गुंडू. आणि ती चहावाली म्हातारी, तिचं नाव शालूबाई. का, तर आमच्या पेठेत खरीखुरी शालूबाई हुती आणि तिला तीन सुना हुत्या. तिच्या कानावर गेलं. चौथ्या दिवशी खरी शालूबाई भांडायला आली, पडदा बाजूला करून कमरंवर हात ठेवून उभी, "कोण म्हणतंय मला चिनी?" बाळासो म्हणाला, "बसा तर आक्का, बगा आधी." बसली. दोन तास बसली. जाताना म्हणाली, "माझं काय चुकत न्हाय ह्यात. सूनच तसली हाय." आणि दुसऱ्या दिवसापासनं सगळ्यात आधी येऊन भिंतीला टेकून बसाय लागली.

सगळ्यांस्नी नावं मिळाली, एकीला सोडून. दुसऱ्या कॅसेटीत लाल पालखीतनं एक पोरगी सासरी आलती. बारीक, वाळक्या शेंगंसारखी, डोळं तेवढं मोठं. सयाजीची बायको. शिरेल खरी तिचीच. बाळासो तिला म्हणायचा 'ती पोरगी'. ती पोरगी आता अंगणात आली. ती पोरगी आता खिडकीपाशी बसली. बायकांस्नी हे काय पटंना. "अवं, पण नाव काय तिचं?" "कळंल पुढं." "पुढं म्हंजी कवा? नोकराला नाव हाय आणि सुनंला न्हाय व्हय?" रोज तेच. बाळासो रोज टोलवायचा.

सहाव्या कॅसेटीत ती पोरगी एकटीच दारात उभी हुती, रस्त्याकडं बगत. कोण येणार हुतं काय म्हाईत. बायडाबाईनं परत विचारलं, "आता तरी सांगा की, नाव काय हिचं?"

बाळासोच्या तोंडातनं निघालं, "हौसा."

सगळ्या चाळणी जागच्या जागी थांबल्या. मी भिंतीपलीकडं हुतो, मलाबी कळलं, कारण ते नाव पेठेत सगळ्यांस्नी म्हाईत हुतं. हौसा बाळासोची लेक. लग्नानंतर आठ वर्सं मूल न्हाय, मग झाली, हौसंनं झाली म्हणून हौसा. चार वर्साची असताना आई गेली, तवापासनं बापाच्या मागं तंबूतनंच वाढली. बैलगाडीत भोंग्याजवळ बसायची, बाप थकला की ही ओरडायची. कबनूरला यंत्रमागवाल्यांच्यात दिली, मगदूम म्हणून. दोन वर्सांनी बाळंतपणात गेली. पेठेला एवढंच म्हाईत. गेली, संपलं. त्यानंतर बाळासो कबनूरला गेला न्हाय आणि लेकीचं नाव काढलं न्हाय.

आता मात्र रोज काढाय लागला. आणि तुमास्नी सांगतो पावणं, तिथनं शिरेल पार बिघडली. म्हंजी पडद्यावर एक आणि माईकवर दुसरंच. पडद्यावर ती पोरगी रडतीया, बाळासो सांगतोय, "हौसा कांदा चिरतीया." कांदा कुठाय? "कांदा खाली हाय, दिसत न्हाय." पडद्यावर सासू तिला काय-बाय बोलतीया, तोंड बघवत न्हाय असं, बाळासो म्हणतोय, "सासू म्हणतीया, हौसा, लई दमलीस, जा, माहेराला जाऊन ये चार दिवस." खरी शालूबाई भिंतीपासनं म्हणाली, "हे काय पटत न्हाय." पडद्यावर पोरगीला खोकला झाला, रुमालावर तांबडं पडलं. सगळ्या बायकांनी ते बगितलं. बाळासो म्हणाला, "इडा खाल्लाय तिनं. पान रंगलंय." बायडाबाईनं नुसती मांडीवरची चाळण हलीवली.

मग एका गुरवारी लहूअण्णा आला.

लहूअण्णा म्हंजी आमचा चिनी दाताचा डॉक्टर. दोन गल्ल्या सोडून त्याचा दवाखाना, बापापासनं. खरं नाव ल्यू. पण ल्यू म्हणून हाक मारली की मांजराला बोलीवल्यासारखं वाटायचं, म्हणून पेठेनं लहू केला, वय झालं तसा अण्णा जोडला. बासष्ट साली पोलीस न्यायला आलते, तवा पेठेतली माणसं चौकीवर गेली, म्हणाली, "साहेब, हा चिनी न्हवं, हा लहूअण्णा हाय." खोक्याच्या तळाला एक जाडजूड पुस्तक निघालतं, ते इकबालनं त्याला दाखीवलं, आणि तो बगायला म्हणून आला. मागं बसून एक कॅसेट पूर्ण बगितली. पडद्याकडं एकदा, बाळासोकडं एकदा. खेळ संपल्यावर बाळासोला घेऊन माझ्या दुकानात आला, चहा सांगितला.

"बाळासो," तो म्हणाला, "चांगलं सांगतोस तू. पर ते तसं न्हाय की रं."

"म्हाईत हाय," बाळासो म्हणाला.

मग लहूअण्णानं पुस्तक उघडलं. ही शिरेल म्हणं ह्याच पुस्तकावरनं केल्याली. पुस्तक आधीचं, जुनं, तिकडं घराघरात वाचत्यात, आणि शिरेल बगताना माणसं पुस्तक मांडीवर घेऊन बसत्यात, कुठं चुकलं का बगायला. आणि त्या पुस्तकात पहिली चार पानं नुसती नावंच. कोण कुणाचा, कुणाला काय म्हणायचं. तवा मला ते चार-चार नावांचं कळलं. मी म्हटलं, "अण्णा, माणसाला नावं असावीत तरी किती?" तो म्हणाला, "जेवढी माणसं त्याला हाक मारत्यात तेवढी." मला काय ते पटलं न्हाय. चाकं सोडीवत बसलो.

बाळासोनं विचारलं, "त्या पोरगीचं नाव काय?"

"शेन युलान."

"शेण?" मी म्हटलं.

"शेन. आडनाव हाय ते. आमच्यात आडनाव पुढं चालतंय, माणूस त्याच्या मागनं. शेन घराणं, युलान पोरगी. युलान म्हंजी एक पांढरं फूल, चाफ्यासारखं."

"मग शेन हे नवऱ्याचं?" बाळासोनं विचारलं.

"बापाचं."

"आणि लगीन झाल्यावर?"

"बापाचंच की. नवऱ्याचं नवऱ्यापाशी. सासरी तिला कुणी नावानं हाक मारत न्हाय, 'शेनवाली' म्हणत्यात, शेनांची लेक. पर शेन कुणी काढत न्हाय. थडग्यावरसुदिक शेन लिहित्यात."

खैरुनबी चहाचा थाळा न्यायला आलती, ती म्हणाली, "आमच्यात बी नाव न्हाय बदलत बाबा. मी बापाघरची खैरुनबी, इथं बी खैरुनबी." आणि गेली थाळा घेऊन.

बाळासोनं चहा तसाच खाली ठेवला. म्हणाला, "म्हंजी बाप तिथं गेला, खिडकीवर उभा राहिला, म्हणाला शेनाची पोरगी कुठं हाय, तर त्याला सांगत्याली?"

"सांगत्याली की," लहूअण्णा म्हणाला. "पर खिडकी कसली?"

तवा सांगितलं त्यानं. अकरा वर्सं कुणाला सांगितलं न्हवतं ते. आवाज भोंग्याचा न्हवता, असा बारीक की मला हातातला पाना खाली ठेवाय लागला.

लग्नात कबनूरवाल्यांनी नाव बदललं. तसं सगळ्यांच्यात बदलत्यात. ताटात तांदूळ पसरत्यात, नवरा अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहितोय. बाळासो म्हणाला, "त्या नावासाठी मी आठ वर्सं थांबल्यालो, आणि ह्यांनी ताटातल्या तांदळावर दोन मिनिटांत पुसलं. बँड वाजत हुता. मी तोंड फिरीवलं." नवं नाव त्यानं कानावरनं जाऊ दिलं. परत कधी विचारलं न्हाय. दोनदा लेकीकडं गेला, तिथं सगळी तिला वैनी न्हाय तर सूनबाई म्हणायची. तिची पत्रं यायची, बायडाबाईची थोरली लेक वाचून दाखवायची, खाली लिहिल्यालं असायचं, 'तुमची हौसा'. पोरगीला बापाचा हट्ट म्हाईत हुता.

मग एक दिवस सकाळी मागावरचा एक कामगार निरोप घेऊन आला. हौसाला मोठ्या दवाखान्यात नेलंय, बाळंतपण अडलंय, या. बाळासो उठला तसा निघाला, बायडाबाईनं लाडवाचा डबा हातात दिला. एसटीनं गेला. परगावचा दवाखाना, एवढा मोठा त्यानं कधी बगितला न्हवता. खिडकीवर चष्म्याची एक बाई हुती.

"कुणाला भेटायचंय?"

"हौसा. माझी लेक."

"आडनाव?"

"मगदूम. कबनूरचे मगदूम."

बाईनं वहीवरनं बोट फिरीवलं. म्हणाली, "मगदूम तिघी आहेत. हौसा कुणी नाही. पार्वती मगदूम?"

"न्हाय."

"सुजाता मगदूम?"

"न्हाय. ती न्हवं."

"शकुंतला?"

"न्हाय."

"मग बाबा, दुसऱ्या दवाखान्यात बघा," बाई म्हणाली. चांगली हुती बाई. पुढच्या दवाखान्याचा रस्ता बाहेर येऊन दाखीवला तिनं.

बाळासो दिवसभर डबा घेऊन त्या गावात फिरला. तीन दवाखानं बगितलं. सगळ्या खिडक्यांवर हौसा सांगितलं. संध्याकाळी पाचला, कबनूरला जाऊन विचारावं म्हणून एसटी स्टँडवर आला, तर तिथं जावयाचा धाकटा भाऊ दिसला, डोळं सुजल्यालं. म्हणाला, "मामा, तुम्ही हितं? वैनी गेली की दुपारी अडीचला. तुमची वाट बगत हुती." त्याच्याबरोबर बाळासो परत त्याच दवाखान्यात गेला. त्याच खिडकीपाशी. तिथनं आत वळलं की हिरवं दार, दारापलीकडं पहिली खाट. आठ पावलं. पोरगी झालती, ती जगली. सकाळी दहाला तो खिडकीवर उभा असताना हौसा आठ पावलांवर जिती हुती, आणि बाईनं तिचं नाव घेतलं, आणि बाप म्हणाला, ती न्हवं.

"ती न्हवं," बाळासो माझ्या दुकानात परत म्हणाला. "मी माझ्या तोंडानं म्हटलं."

मी एकाच ट्यूबला तीनदा ठिगळ लावलं. ती ट्यूब कुणाची हुती हे अजून मला आठवत न्हाय.

जायला उठल्यावर बाळासोनं विचारलं, "ती शेनाची पोरगी, तिचं काय होतंय?"

"शेवटच्या कॅसेटीत जाती," लहूअण्णा म्हणाला.

"कोण असतंय जवळ?"

"कुणी न्हाय. म्हातारा वैद्य असतोय एक. नाडी बगतोय."

"बरं," बाळासो म्हणाला. "तुम्ही कुणाला सांगू नगासा."

त्यानंतर दहा-बारा दिवस शिरेल चालली. बाळासोचा कांदा-बिंदा बंद झाला. पडद्यावर रडली तर म्हणायचा, रडतीया. खोकली तर म्हणायचा, खोकतीया. शालूबाई म्हणाली, आता जरा खरं वाटाय लागलं.

बाविसाव्या कॅसेटीला सेंटरात पाय ठेवायला जागा न्हवती. माझ्या गिऱ्हाइकांनी सायकली दारात टाकल्या आणि आत घुसली. मीबी दुकान वाऱ्यावर सोडून पडद्याजवळ उभा राहिलो. लहूअण्णा मागं खुर्चीवर. पडद्यावर ती पोरगी पलंगावर पडल्याली, डोळं तेवढं राहिल्यालं. बाहेर बर्फ पडत हुता. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा आत आला, पलंगाजवळ बसला, तिचा हात हातात घेतला, आणि काय तरी बोलला.

बाळासोनं माईक तोंडाजवळ धरला. मग म्हणाला, "हा तिचा बाप. लई लांबनं आलाय. सकाळीच आलता, पर त्याला खोली गावली न्हाय." पडद्यावर म्हातारा परत बोलला. बाळासो म्हणाला, "तो म्हणतोय, सुजाता. पोरी, सुजाता, मी आलोय. मला तुझं नाव म्हाईत न्हवतं. म्हंजी म्हाईत हुतं, मी घेतलं न्हाय. आता घेतोय. सुजाता."

आता हे नाव बायकांना कुठलं म्हाईत. शालूबाईनं पुढं वाकून बायडाबाईला विचारलं, सगळ्यांस्नी ऐकू जाईल असं, "अगं, ही हौसा हुती की? ही सुजाता कोण मधनंच?"

बाळासोनं ते ऐकलं. माईकवरच म्हणाला, "तीच हाय, आक्का. दोन्ही तीच."

मग ती पोरगी गेली. गाणं लागलं, चिनी, लांबलचक, आणि बाळासोनं माईक खाली ठेवला. सगळं सेंटर नाक वढत हुतं. बायडाबाईनं तोंडावर पदर घेतला, तिला तेवढं सगळं कळलं असावं, पत्रं तिच्या घरात वाचली जायची, पाकिटावर सासरचं नाव असणारच. मी मागं बगितलं तर लहूअण्णा रुमालात तोंड घालून रडत हुता. आणि पावणं, तुमास्नी सांगतो, त्या एकट्याला तिथं भाषा येत हुती. नंतर मी त्याला विचारलं, तो म्हातारा खरं काय म्हणाला वो? तर म्हणाला, "काढा दोनदा उकळा आणि गरम द्या." ते ऐकून हा माणूस रडत हुता. माणसाला नावं किती असावीत ते सोडाच, कान तरी किती असावेत?

दुसऱ्या दिवशी रविवार. बाळासोनं सकाळी दाढी केली आणि कबनूरला गेला. अकरा वर्सांनी.

हे त्यानं मला परत आल्यावर सांगितलं, तसंच सांगतो. मगदुमांच्या घरात पुढं मागाचं शेड, मागं राहायचं. जावई महादेव दारातच भेटला, केस पिकल्यालं. दुसरं लगीन केल्यालं, ती बाई पाणी घेऊन आली, पाया पडली. माग चालू हुते, खडखडाट असा की बोलल्यालं कळंना. बाळासो मनात काय काय जुळवून गेलता, ते सगळं त्या आवाजात बुडालं. शेवटी महादेवानं माग बंद केले. आणि एकदम शांत झालं तसं बाळासो म्हणाला, "महादेवा, त्या दिवशी मी सकाळीच आलतो. दहा वाजता. खिडकीवरल्या बाईनं सुजाता म्हटलं आणि मी न्हाय म्हणालो."

महादेव त्याच्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "मामा, ती मला सकाळी म्हणाली हुती. आबा येतील ते हौसाला हुडकत येतील, खिडकीवर हौसा बी सांगून ठेवा. मी हो म्हणालो. मग डॉक्टरनं रक्त आणाय पाठीवलं, आणि मी इसरलो."

दोघंबी अकरा वर्सं ती एकच खिडकी घेऊन बसले हुते. एक पेठेत, एक कबनुरात. मधनं एसटी जाती रोज.

तेवढ्यात आतनं पोरगी आली. अकरा वर्साची, वाळक्या अंगाची. आईवर गेल्याली का, तर बाळासो म्हणाला, "न्हाय. मगदुमांवर गेलीया, नाकबिक सगळं. मी लई बगितलं." मग त्यानं विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?" ती बोलाय तोंड उघडतीया तोवर शेडमधल्या माणसानं माग सुरू केले. खडाड खडाड. "काय म्हणालीस?" खडाड. "काय?" पोरगी तिसऱ्यांदा सांगून कावली. हाताला धरून म्हाताऱ्याला रस्त्यावर घेऊन गेली, पार विहिरीपर्यंत, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "विद्युल्लता."

बापाचे विजेवरचे माग, आणि ती झाली त्या वर्सी दोन वाढलेले, म्हणून तिच्या आत्यानं हे नाव काढल्यालं. घरात विजी म्हणत्यात. बाळासो म्हणाला, विजी नगं, मला वहीतलं सांग. परत सांगितलं तिनं. त्याला म्हणता येईना. इद्दुलता. पोरगी म्हणाली, तसं न्हाय. इद्युलता. तसं न्हाय. विहिरीपाशी उभं राहून अर्धा तास त्या पोरगीनं आज्याकडनं म्हणून घेतलं, शाळंत मास्तरनं घ्यावं तसं. मग लहूअण्णाचं ऐकल्यालं त्याच्या डोक्यात हुतं म्हणून त्यानं तिला सांगितलं, "तुझ्या आईचं नाव हौसा बी हुतं. सुजाता बी." ती म्हणाली, "सुजाता म्हाईत हाय. फोटोखाली लिवलंय. हौसा कुणी सांगितलं न्हाय." मग त्यानं बैलगाडीचं, भोंग्याचं, तंबूचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, परत कवा येणार?

येताना एसटीत बाळासो सगळ्या रस्त्यानं तेच म्हणत आला. इद्युल. विद्यूल. विद्युल्ल. शेजारचा म्हणाला, "काय वो पावणं, मंत्र हाय का?" कंडक्टरनं दोनदा विचारलं, कुठं उतरायचं, हा दोनदा म्हणाला, विद्युल्लता. माणसाला नावं असावीत तरी किती ते मला म्हाईत न्हाय पावणं, पण असलं असावं का? निदान जीभ वळंल असं तरी?

संध्याकाळी माझ्या दुकानात आला. बाकावर बसला, टॉवेलनं तोंड पुसलं, आणि एक अक्षर न चुकता म्हणाला, "विद्युल्लता महादेव मगदूम."

मी म्हटलं, "वा. पाठ झालं की, बाळासो."

"झालं," तो म्हणाला. "अकरा वर्साची हाय. माझ्या तोंडात पुरतं बसूस्तोवर तिचं लगीन करत्याली, आणि मला परत नव्यानं सुरू."

आणि चहा सांगा म्हणाला.